बस नव्हे, फेऱ्या मागा!
सोलापूरची शहर बस आणि आपला धंदा

दुकानदार जागेचे भाडे वहीत लिहितो, विजेचे बिल लिहितो, उधारी तर लिहितोच. शिलाईचा कारागीर दोऱ्याचा आणि बटणांचाही हिशेब ठेवतो. पण कामावर जाण्यायेण्याचा खर्च बहुतेकांच्या वहीत सापडत नाही. तो खिशातून सुट्या पैशांनी जातो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. नई जिंदगीतल्या एखाद्या कारागिराला विजापूर वेशीजवळच्या कारखान्यात यायचे आहे. वाटेत एकदा रिक्षा बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी माणशी २० रुपये लागतात असे समजू. जाऊन येऊन ८० रुपये झाले. महिन्याचे २५ दिवस काम धरले तर २,००० रुपये होतात. तोच प्रवास एका बसने १५ रुपयांत झाला तर महिन्याला ७५० रुपये लागतील, म्हणजे १,२५० रुपयांचा फरक पडतो. आकडे आम्ही हिशेबापुरते घेतले आहेत, वाचकांनी आपापले आकडे घालून पाहावेत. घरात कमावणारी दोन माणसे असतील तर एवढ्या पैशांत मुलाच्या शाळेची फी निघते.

दुकानदारांचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूरकडून आलेले गिऱ्हाईक एस.टी. स्टँडवर उतरते. तेथून बाजारात स्वस्तात आणि वेळेवर येण्याची सोय नसेल तर ते जवळच्याच दुकानातून माल घेऊन परतीची गाडी पकडते. चांगला माल असूनही आपले दुकान रिकामे राहते. तेव्हा शहर बस हा केवळ गरिबांच्या सोयीचा प्रश्न नाही. आपल्या धंद्याच्या भांडवलाचाही तो प्रश्न आहे.

बस आल्या आणि उभ्या राहिल्या

महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या बसने एकेकाळी आपण सर्वच फिरलो आहोत. मग ही सेवा खालावली कशी? बस मिळाल्या नाहीत म्हणून, असे पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. २०१० नंतरच्या दशकात केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून सोलापूरला मोठ्या संख्येने नव्या बस मिळाल्या होत्या. त्यांपैकी अनेक गाड्यांच्या चेसीला तडे गेले, गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि प्रकरण वादात अडकले. चालू गाड्यांच्या दुरुस्तीला पैसा पुरेना. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, त्यासाठी संप झाले. फेऱ्या कमी झाल्या तसे प्रवासी रिक्षाकडे गेले, प्रवासी गेल्यावर उत्पन्न घटले आणि उत्पन्न घटल्यावर आणखी फेऱ्या कमी झाल्या.

यातून घ्यायचा धडा असा, की बस ही वस्तू आहे आणि फेरी ही सेवा आहे. वस्तू मागितली तर तिचा उद्घाटन समारंभ होतो, हारतुरे होतात, फोटो छापून येतात. पण ती गाडी सहा महिन्यांनी रस्त्यावर आहे की आगारात, हे कोणी विचारत नाही. म्हणून आमचे सांगणे एकच आहे. निवेदनात बस मागू नका, फेऱ्या मागा. कोणत्या मार्गावर, किती वाजता, किती मिनिटांच्या अंतराने आणि महिन्याला एकूण किती किलोमीटर, असे मागा.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती ही कलम ६३ खालची बंधनकारक कर्तव्ये आहेत. सार्वजनिक वाहतूक मात्र कलम ६६ मध्ये, स्वेच्छेच्या कामांत मोडते. म्हणजे नळाला पाणी आले नाही तर पालिका कर्तव्यात चुकली असे म्हणता येते, बस आली नाही तर तसे म्हणता येत नाही. सभागृह असो वा प्रशासक, पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री बसला लागते ती यामुळे. जे काम कायद्याने सक्तीचे नाही ते नागरिकांच्या सततच्या मागणीनेच टिकते. एक मोर्चा काढून घरी बसलो तर ते टिकणार नाही.

शहराला किती बस हव्यात याचा एक मापदंड आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषानुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून जास्त बस असतील तर सेवा पहिल्या दर्जाची आणि ०.२ पेक्षा कमी असतील तर सर्वात खालच्या दर्जाची ठरते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या हिशेबाने पहिल्या दर्जासाठी सुमारे ५७० बस लागतात आणि तळाच्या दर्जातून वर येण्यासाठी सुमारे १९०. लोकसंख्या त्यानंतर वाढलीच आहे. कोणी शंभर बस आणल्याचे सांगितले तर आनंद मानावा, पण या मापाने आपण अजून तळालाच आहोत हे विसरू नये.

ई-बसचे पैसे कसे चालतात?

केंद्र सरकारने १६ ऑगस्ट २०२३ रोजी पीएम ई-बस सेवा योजनेला मंजुरी दिली. देशातील शहरांसाठी १०,००० विजेच्या बस, असे तिचे स्वरूप आहे आणि सोलापूरचेही नाव तिच्यात आहे. या योजनेत बस पालिका विकत घेत नाही. गाडी आणि चालक ठेकेदाराचा असतो आणि त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. केंद्राचे साहाय्य १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२ रुपये आणि ७ मीटरच्या बसला २० रुपये आहे. बाकीची रक्कम तिकिटातून आणि पालिकेच्या तिजोरीतून उभी करायची असते.

समजा, ९ मीटरची बस दिवसाला १८० किलोमीटर धावली आणि ठेक्याचा दर किलोमीटरला ६० रुपये आहे. ठेकेदाराला १०,८०० रुपये द्यावे लागतील. त्यात केंद्राचे ३,९६० रुपये आले, उरले ६,८४०. दिवसभरात ४०० प्रवाशांनी सरासरी १५ रुपयांचे तिकीट काढले तर ६,००० जमा होतील. तूट ८४० रुपयांची. शंभर बसची वर्षाची तूट तीन कोटींच्या आसपास जाते. प्रवासी निम्मे झाले तर हीच तूट एका बसमागे दिवसाला ३,८४० रुपयांवर जाईल आणि मग बस बंद करण्याची भाषा सुरू होईल. केंद्राचे साहाय्यही कायमचे नाही, ते दहा वर्षांसाठी आहे. म्हणून बस सुरू होण्याच्या दिवसापासून ती भरलेली राहिली पाहिजे. लोक जेथे राहतात आणि जेथे कामाला जातात तेथूनच मार्ग गेले, तरच ती भरेल.

दुसऱ्या शहरांचा अनुभव

मुंबईत बेस्टने ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे ५ रुपये केले आणि काही महिन्यांतच प्रवासी भराभर वाढले. भाडे परवडले तर लोक बसकडे परत येतात हे त्यातून सिद्ध झाले. पण स्वतःच्या बस कमी होत गेल्या, ठेक्याच्या बसवर भार वाढला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे १० रुपये झाले. स्वस्त तिकीट हवे तर त्यामागे अंदाजपत्रकात तरतूदही हवी.

नाशिकमध्ये महापालिकेची सिटीलिंक सेवा ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. तेथेही किलोमीटरवर पैसे देण्याची पद्धत आहे. ठेकेदाराने वेतन थकवल्यामुळे वाहकांनी तेथे वेळोवेळी काम बंद ठेवले आणि हाल प्रवाशांचे झाले. कामगाराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. चालक-वाहकांचे वेतन वेळेवर मिळण्याची अट ठेक्यात असावी, अशी मागणी आपणच केली पाहिजे.

पुण्यात पीएमपी प्रवासी मंच ही प्रवाशांची संघटना अनेक वर्षे तक्रारी गोळा करून अधिकाऱ्यांपुढे मांडत आली आहे. चिकाटी हेच अशा संघटनेचे भांडवल असते.

रिक्षावाल्या भावांचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्या बिरादरीतील कितीतरी घरांची चूल रिक्षावर पेटते. कर्ज काढून घेतलेल्या रिक्षेचा हप्ता भरायचा असतो. बस नियमित झाली तर मुख्य रस्त्यावरील शेअर रिक्षांचा धंदा काही प्रमाणात कमी होईल. तसे होणार नाही असे सांगणे ही फसवणूक ठरेल. पण बस प्रत्येक गल्लीत शिरू शकत नाही. हद्दवाढीनंतर शहर दूरवर पसरले आहे. वस्तीपासून बसथांब्यापर्यंतचा प्रवास रिक्षाच करणार. म्हणून मोठ्या थांब्यांजवळ रिक्षांना अधिकृत जागा द्यावी, ही मागणी बसच्या मागणीच्या जोडीने गेली पाहिजे. रिक्षा संघटनांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. त्यांना वगळून केलेली चळवळ मोहल्ल्यातच फूट पाडील.

काय करावे?

पहिले काम मोजणीचे. आठवडाभर सकाळी आठ ते दहा आणि सायंकाळी सहा ते आठ या वेळेत आपल्या चौकातून किती माणसे कोणत्या दिशेला जातात, ते दोन तरुणांनी वहीत मांडावे. कुंभारीकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे विडी कामगारांची मोठी वसाहत २००६ मध्येच झाली आहे आणि रे नगरमधील १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. विडी, यंत्रमाग आणि शिलाईवर जगणारी सर्व समाजांची माणसे तेथे राहतात. घर मिळाले, पण काम आणि बाजार शहरात राहिला. कुंभारी, अक्कलकोट रोड एमआयडीसी, अशोक चौक हा मार्ग भरून धावेल, असे आम्हाला वाटते.

दुसरे काम माहितीचे. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून परिवहन उपक्रमाकडे अर्ज करावा. गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक मार्गावर ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती आणि रद्द किती, एवढेच विचारावे. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

तिसरे काम वेळेचे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मे महिन्यात दिलेले निवेदन फाइलीत जाते, अंदाजपत्रक तयार होत असताना, डिसेंबरपूर्वी दिलेले निवेदन आकड्यात उतरू शकते. निवेदनात मार्ग, वेळ आणि किलोमीटर लिहावेत. ज्या मार्गांना किंवा भाड्याला परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते, त्यांची प्रत तेथेही द्यावी.

चौथे काम सोबतीचे. ही केवळ मुस्लिम मोहल्ल्यांची मागणी होता कामा नये. पद्मशाली, लिंगायत, दलित, मराठा, सर्वांचीच माणसे त्याच थांब्यावर उभी असतात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत विजापूर वेशीतील मीना बाजारासाठी तरावीहनंतरच्या बस मागताना, त्याच कागदावर गड्ड्याच्या यात्रेसाठी रात्रीच्या बसही मागाव्यात. दोन्ही बाजारांत आपली दुकाने असतात.

आणि शेवटचे, पण सर्वात अवघड. बस सुरू झाली की तिच्यात बसा. दुकानदारांनी नोकरांना पास काढून द्यावेत आणि स्वतःही आठवड्यातून दोन दिवस मोटारसायकल घरी ठेवावी. रस्त्यातील अडचण दूर करणे हा सदका आहे, असे आपला दीन शिकवतो. हजारो कष्टकऱ्यांच्या रोजच्या वाटेतील ही अडचण दूर करणे हेही त्यातलेच काम आहे. वही आणि पेन घेऊन येत्या जुम्याच्या नमाजनंतर दहा माणसे एकत्र बसली, तरी सुरुवात होईल, इन्शाअल्लाह.