नर की मादी? वाळूला विचारा!

कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे कोण ठरवतं माहितेय? आई नाही, बाबा नाहीत. वाळू ठरवते!

समुद्री कासवांची तऱ्हाच न्यारी. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, पांढरी गोल शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि चालू पडते. पिल्लांचं तोंड बघायलाही थांबत नाही! पुढचे दीड-दोन महिने अंडी उबवायचं काम वाळूचं. त्यातल्या मधल्या दिवसांत वाळू 29 अंश सेल्सिअसच्या आसपास असली, तर नर-माद्या मिसळून निघतात. दोन-तीन अंशांनी गार असली, की बहुतेक सगळे नर. तेवढीच जास्त तापली, की बहुतेक सगळ्या माद्या. दोन-तीन अंश म्हणजे किती? आपल्याला पंखा एक नंबरने वाढवावासा वाटेल, एवढंच!

पण आता पृथ्वीच तापतेय. मग नर उरणार तरी किती?

हे शोधायचं होतं ऑस्ट्रेलियात. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात रेन नावाचं बेट आहे. तिथे हिरवी समुद्री कासवं हजारोंनी अंडी घालतात. अडचण अशी, की लहान कासव नर आहे की मादी, हे बाहेरून कळतच नाही. नराची लांब शेपटी दिसायला ते पुरतं वयात यावं लागतं, आणि त्याला वीसहून जास्त वर्षं लागतात. शिवाय समुद्रात चरायच्या जागी उत्तरेची, दक्षिणेची अशी सगळी कासवं एकत्र असतात. कोण कुठलं, कसं ओळखायचं?

एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे. आधी धीट पोहणारे लागतात. ते चालत्या बोटीतून थेट कासवावर उडी मारून त्याला धरतात (मला विचाराल, तर नोकरी असावी तर अशी!). मग कासवाचं थोडं रक्त घ्यायचं. त्यातली संप्रेरकं तपासणारे सांगतात, नर की मादी. कासवं जन्मलेल्या भागातच अंडी घालायला परततात, त्यामुळे त्या त्या भागातल्या कासवांच्या जनुकांत वेगळी खूण असते. ती वाचणारे सांगतात, हे कासव उत्तरेचं की दक्षिणेचं. आणि तापमानाच्या नोंदी ठेवणारे सांगतात, तिथली वाळू कधीपासून तापतेय.

अशी 411 कासवं तपासून झाली आणि 2018 साली उत्तर छापून आलं. दक्षिणेकडच्या गार किनाऱ्यांवरच्या कासवांत 100पैकी 65 ते 69 माद्या. उत्तरेकडच्या मोठ्या कासवांत 87च्या आसपास. आणि उत्तरेकडच्या लहान कासवांत? 99! म्हणजे अलीकडे तिथे नर जवळजवळ जन्मतच नाहीत. वाळूवर सावली धरून, पाणी शिंपडून ती गार ठेवता येईल का, हे आता करून बघितलं जातंय.

आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडले कासवं येतात. त्यांचंही नर-मादीचं गणित असंच उष्णतेवर चालतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला पूर्वी अंडी चोरीला जायची, कोल्हे-कुत्रीही ती उकरायची. 2002 सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. गावातले कासवमित्र पहाटे किनाऱ्यावर कासवाचा माग शोधतात, अंडी अलगद काढतात आणि कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून त्यात ठेवतात. ते कुंपण उन्हात आहे की सावलीत, यानेही बराच फरक पडू शकतो बरं का.

मार्चमध्ये वेळासला गेलात, तर पिल्लं समुद्राकडे तुरुतुरु निघालेली बघायला मिळतील. बांधलेल्या दोरीच्या अलीकडेच उभे राहा, फ्लॅश मारू नका, पिल्लांना हात लावू नका. आणि त्यातले नर किती, माद्या किती, असं कासवमित्र दादांना विचारून त्यांना कोड्यात टाकू नका. नुसतं बघून ते त्यांनाही सांगता यायचं नाही!