विश्लेषण : आवडता सेलिब्रिटी हाच आपला आदर्श असावा का?

बंगळूरुत ४ जून २०२५ रोजी आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला तमिळनाडूतील करूर येथे अभिनेते विजय यांच्या राजकीय सभेत ४१ जण दगावले. दोन्ही वेळी गर्दीच्या नियोजनावर चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. पण कधीही न भेटलेल्या माणसाविषयी इतकी ओढ का वाटते आणि त्याला आयुष्याचा आदर्श मानावे का, हेही समजून घ्यायला हवे.

जवळीक का वाटते?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये या नात्याला ‘पॅरासोशल’ असे नाव दिले. टीव्हीवरचा निवेदक आपल्याशीच बोलतो आहे असे प्रेक्षकाला वाटते. हळूहळू तो घरचाच वाटू लागतो. प्रत्यक्षात निवेदकाला हा प्रेक्षक ठाऊकही नसतो. आता मोबाइलवर सेलिब्रिटीची जिम, सुट्टी, मुलांचे वाढदिवस रोज दिसतात, त्यामुळे ही एकतर्फी ओळख अधिकच घट्ट होते. मात्र आपल्याला दिसते ते निवडून दाखवलेले असते.

एका गुणावरून माणूस ठरतो का?

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ‘हेलो इफेक्ट’ मांडला. एका बाबतीत माणूस आवडला की इतर बाबतींतही तो चांगलाच असणार, असे आपण गृहीत धरतो. षटकार मारणाऱ्याला गुंतवणुकीतले कळते, नायक साकारणारा खऱ्या आयुष्यातही शूर असतो, हे असेच समज. जाहिरातींचा मोठा व्यवसाय यावर चालतो.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या सेलिब्रिटीलाही १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय जाहिराती करण्यास एक वर्षापर्यंत आणि पुढच्या खेपेस तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. दाव्याची पुरेशी शहानिशा केली होती, असे दाखवता आले तर दंडातून सूट मिळते.

आदर्श कोसळला तर?

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग कर्करोगातून बरा झाला आणि १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे त्याने ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. जगभरच्या रुग्णांना त्याने उमेद दिली. उत्तेजक द्रव्यांच्या वापरामुळे २०१२ मध्ये सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने कबुलीही दिली. ज्यांनी आजाराशी झुंजण्याची जिद्द त्याच्याकडून घेतली, त्यांची जिद्द यामुळे खोटी ठरत नाही. ज्यांनी अख्खा माणूसच डोक्यावर घेतला, त्यांच्यापुढे मात्र दोनच वाटा उरल्या : सगळे नाकारणे किंवा फसवणुकीचेही समर्थन करणे.

आंबेडकरांनी कोणता फरक दाखवला?

न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात दिलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला. थोर माणसाविषयी मनापासून आदर बाळगणे वेगळे आणि त्याचे आज्ञापालन करणे वेगळे, असे त्यांनी बजावले. पहिल्यात काही गैर नाही. दुसऱ्यात स्वतंत्र विचारच संपतो. हीच कसोटी आजच्या चाहत्यांनाही लागू पडते.

मग आदर्श कसा निवडावा?

माणूस निवडण्याआधी गुण निवडावा. ‘मला यांच्यातले नेमके काय घ्यायचे आहे?’ याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. पुलेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारली, कारण ते स्वतः ते पीत नव्हते. बॅडमिंटन न खेळणाऱ्यालाही यातून घेण्यासारखे आहे.

दुसरे, प्रसिद्धी नसतानाचे वागणे पाहावे. सेलिब्रिटीचे ते दिसत नाही. शेजारची परिचारिका, शाळेतले सर, घर सावरणारी आत्या यांचे मात्र रोज दिसते, चुकांसह दिसते आणि शंका आली तर त्यांना विचारताही येते.

तिसरे, आवडत्या माणसाची एक तरी चूक आपल्याला शांतपणे सांगता येते का, हे स्वतःला विचारावे. कोणी टीका केली की लगेच कमेंटमध्ये भांडायला धावत असू, तर आदराची जागा भक्तीने घेतली आहे, असे समजायला हरकत नाही.