कृष्णेच्या पुरांतील माती

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचा महापूर ओसरला, तेव्हां सांगलीकरांना घराघरांतून चिखल उपसावा लागला. ही माती आली कोठून?

कृष्णेचा उगम महाबळेश्वरीं. तेथें वर्षास सरासरी पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सातारा जिल्ह्यांतील उघड्या उतारांवर थेंब आपटले, कीं मातीचे कण सुटतात. ओघळी त्यांना ओढ्यांत नेतात व ओढे नदीच्या स्वाधीन करतात. धोम व कोयना येथील धरणांत बराच गाळ अडतो आणि तितकी त्यांची साठवण उणी होते. धरणांखालच्या उतारांवरील माती मात्र पुढें वाहते.

पाण्याचें बळ त्याच्या वेगांत असतें. कऱ्हाडास कोयना मिळाल्यावर सांगलीपर्यंत नदीचा उतार मंद आहे. वेग ओसरूं लागला, कीं प्रथम वाळू बसते, आणि पूर कांठाबाहेर पसरला म्हणजे बारीक गाळ. कृष्णाकांठची सुपीक मळी ती हीच.

वळणावर बाहेरच्या कांठाशीं प्रवाह जोराचा असतो. तेथें दरड ढासळते. आंतल्या बाजूस तो संथ असल्यामुळें वाळू सांचते. अशा रीतीनें पात्र सरकतें. एकाचें शेत तुटतें, समोरचा कांठ वाढतो.

डोंगरावरून उतरलेली माती मात्र पुन्हां वर चढत नाहीं. बोटभर थर बनण्यास शतकें लागतात. उघड्या रानांतून तो थोड्याच पावसाळ्यांत जातो. म्हणून उतारास आडव्या ताली घालाव्या, गवत व झाडें राखावीं. पुराचा चिखल अंगणांतून लोटतांना आपण एवढें स्मरावें, कीं तें वरच्या गांवांतील कोणाचें तरी शेत आहे.