किलोमीटर कमी, वय जास्त

मेस्त्रींनी गाडीच्या चारही काचा वर केल्या, दार लावून घेतलं आणि आत नुसते बसून राहिले. लालबागच्या मिरची गल्लीपासून त्यांचं गॅरेज हाकेच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटायला सगळी मुंबई इथे लोटते आणि भाजलेल्या मिरचीचा खाट शर्टात मुरतो. काच किंचित खाली करून ते म्हणाले, "आधी मसाला निघून जाऊ दे. मग गाडीचा वास येईल."

गिरगावातला माझा मावसभाऊ जुनी हायब्रिड घ्यायची म्हणून दोन गाड्यांमध्ये अडकला होता. एक २०१६ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, फक्त १९,००० किलोमीटर चाललेली. दुसरी २०२२ची होंडा सिटी ई:एचईव्ही, ५८,००० चाललेली. किमती उन्नीस-बीस. घरातली सगळी मतं कॅमरीच्या बाजूने होती. एवढी मोठी गाडी, एकच मालक आणि एकोणीस हजार! पण मेस्त्रींनी फोनवर रनिंग विचारलंच नाही. "मॉडेल कितीचं?" एवढंच विचारलं. जुन्या गाडीच्या बाजारात पहिला प्रश्न रनिंगचा असतो, म्हणून मी भावाबरोबर गेले.

बॉनेट, ऑइल, टायर, चासी नंबर हे नेहमीचं भराभर उरकलं. एकोणीस हजार खरेच होते. सर्व्हिसच्या नोंदी जुळत होत्या, पेडलचं रबरही झिजलं नव्हतं. मग मेस्त्रींनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. हिंदमाताच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला काढतात, तेव्हा पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. इथे ती नव्हती. सीटखालच्या बोल्टांना थोडा गंज होता. वासही होता. ओल्या गोणपाटासारखा, मागच्या सीटकडून येणारा.

"बुडालेली नाही," ते म्हणाले. "उभी राहून ओल धरलीय."

या गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते आणि तिला थंड ठेवणारा पंखा प्रवाशांच्या जागेतलीच हवा ओढतो. त्या हवेची वाट धुळीने भरली होती. डिकीचं अस्तर उचललं तर उंदरांच्या लेंड्या. बिल्डिंगच्या आवारात वर्षानुवर्षं कव्हरखाली ठेवलेल्या गाडीचं मुंबईत हेच होतं. मग स्कॅनर जोडला. कॅमरीच्या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे ३४ संच असतात, एकूण २४४.८ व्होल्टचे, आणि स्कॅनरवर ते जोडीजोडीने १७ ओळींत दिसतात. उभ्या गाडीत सगळ्या ओळी सारख्या दिसल्या. परळच्या पुलाच्या चढावर जोर लावला, तशी एक ओळ इतरांच्या मागे पडली. पुन्हा चढवली, पुन्हा तीच.

"आठ वर्षं, एक लाख साठ हजार," मेस्त्री म्हणाले. त्या दुपारी हा आकडा त्यांनी इतक्यांदा उच्चारला की भावाने तो मोबाइलवर लिहून घेतला. बॅटरीची वॉरंटी एवढी असते. दोन्हींपैकी जे आधी पुरं होईल ते. टोयोटाने भारतात ती आठ वर्षांवर नेली २०२१मध्ये. २०१६च्या गाडीला ती नव्हतीच, आणि असती तरी २०२४मध्ये संपली असती. सिटीची मात्र २०३०पर्यंत आहे, शिवाय एक लाख दोन हजार किलोमीटर शिल्लक.

मला पटलेली गोष्ट ही. साध्या पेट्रोल गाडीत किलोमीटर म्हणजे इंजिनाची झीज, असा हिशेब बराचसा चालतो. हायब्रिडमध्ये तो अपुरा पडतो. दादर टीटीहून लालबागपर्यंत डॉ. आंबेडकर रोडवर रांगणाऱ्या सिटीचं इंजिन बराच वेळ बंदच असतं. वेग कमी करताना मोटरच जनित्र होते, त्यामुळे ब्रेकचे पॅडही कमी झिजतात. बॅटरी वापराने थकते, तशी उष्णतेने आणि नुसत्या वर्षांनीही थकते. उभ्या गाडीत तिचा चार्ज हळूहळू गळत राहतो, बारा व्होल्टची छोटी बॅटरी तर त्याआधीच बसते. रोज ऑफिसला जाणारी, वेळेवर सर्व्हिस झालेली अठ्ठावन्न हजारांची गाडी मला त्या झाकून ठेवलेल्या एकोणीस हजारांपेक्षा कितीतरी निरोगी वाटली.

जाहिरातीतला 'हायब्रिड' हा शब्दही तपासावा. २०१५पासून आलेल्या मारुती सियाझ आणि अर्टिगाच्या एसएचव्हीएस गाड्या त्याच नावाने विकल्या जातात. त्यात छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी चालवत नाही. त्या गाड्या वाईट नाहीत, पण त्यांना पूर्ण हायब्रिडचा भाव देणं चूक आहे.

सिटीच्या पुढच्या बंपरला ओरखडे होते, सीटवर कॉफीचा डाग होता. मेस्त्रींनी तिच्याही काचा चढवल्या, तसेच थांबले. उतरताना म्हणाले, "हिला वासच नाही." स्कॅनरही स्वच्छ निघाला. कॅमरीचा एजंट तोवर तिच्या लेदर सीटचं कौतुक करत होता.

भावाने सिटी घेतली. तुम्ही घेणार असाल तर तीन ते पाच वर्षांची, वर्षाला दहा ते पंधरा हजार चाललेली, अधिकृत सेंटरच्या सलग नोंदी असलेली गाडी बघा. बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर चालू राहते का, ते डीलरकडून लेखी घ्या. विम्याचे जुने क्लेम विचारा, स्कॅनर लावून गाडी चढावर चालवून बघा. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल, तर किलोमीटर कितीही कमी असोत, ती गाडी घेऊ नका.