अडीच बाय साडेतीन इंचांचा गोलंदाज

गोलंदाजाचं कार्ड करायला घेतलं की मी आधी त्याचा हात काढतो, चेहरा सगळ्यात शेवटी. फलंदाजाचं चित्र त्या मानाने सोपं. बॅट खांद्यावरून गेलेली, नजर चेंडूच्या मागे, की झालं. गोलंदाजाची सगळी विद्या मात्र चेंडू सुटण्याच्या आधी बोटांच्या पेरांवर असते. लेगस्पिनरचा चेंडू दुमडलेल्या अनामिकेवर टेकलेला असतो आणि फिरकी तिथूनच मिळते. डावखुऱ्या फिरकीवाल्याची तर्जनी शिवणीवर घट्ट बसलेली असते. वेगवान गोलंदाजाची शिवण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधोमध उभी असते, खाली अंगठा. या पकडी चित्रात वेगवेगळ्या दिसल्या नाहीत, तर खाली नाव कुणाचंही छापा, काही फरक पडत नाही.

मी भंडाऱ्यात राहतो. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि नाटकांची पोस्टरं ही माझी पोटापाण्याची कामं. दिवाळी होऊन धान निघालं की आमच्याकडे दोन गोष्टींना जोर येतो. गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि मोकळ्या मैदानांवर टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. सामन्यात षटकाराला रोख बक्षीस असतं, माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. निर्धाव षटक टाकणाऱ्या पोराला कुणी टाळीसुद्धा देत नाही. हे मला फार वर्षांपासून खुपत होतं. म्हणून एका गावच्या मंडळाने गोलंदाजांसाठी काहीतरी वेगळं बक्षीस सुचवा म्हटलं, तेव्हा मी मराठी मुलखातल्या मोठ्या गोलंदाजांची जुन्या धाटणीची कार्डं करून द्यायचं ठरवलं. प्रत्येक सामन्यातल्या सर्वोत्तम गोलंदाजाला एक संच. विक्री नाही. खेळाडूचं नाव आणि चेहरा ही त्याची मिळकत आहे, तिच्यावर मी धंदा करणार नाही.

जुनी धाटणी म्हणजे कोणती, हे शिकायला मला अमेरिकेच्या बेसबॉलकडे जावं लागलं. क्रिकेटमध्येही कार्डं होती. इंग्लंडच्या विल्स कंपनीने सिगारेटच्या पाकिटातून ५० क्रिकेटपटूंची मालिका १८९६ साली काढली होती. पण हा प्रकार खरा मुरला तो बेसबॉलमध्ये. तिथे चेंडू फेकणाऱ्या पिचरला आपल्या गोलंदाजापेक्षा कितीतरी जास्त मान. सामना त्याच्या नावाने ओळखला जातो आणि कार्डावरही त्याची फेक नीट बघून काढलेली असते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेतल्या तंबाखू कंपनीने काढलेली टी-२०६ नावाची मालिका संग्राहकांत सर्वांत प्रसिद्ध आहे. साय यंग, ख्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन हे थोर पिचर तिच्यात आहेत. पांढरी चौकट, मागे सपाट रंग, खाली तपकिरी शाईत नाव आणि गाव. छपाई शिळाप्रेसवरची, एकेका रंगाला वेगळा दगड. त्यामुळे गालावरचा रंग कधी किंचित सरकलेला दिसतो. पुढे १९५२ साली टॉप्स या च्युइंगमच्या कंपनीने कार्ड मोठं केलं, चित्रावर खेळाडूची सही छापली आणि मागे आकडे दिले. न खपलेली ती कार्डं कंपनीनेच १९६० साली बोटीतून नेऊन समुद्रात टाकली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. १९५७ पासून आकार ठरून गेला तो अडीच बाय साडेतीन इंच. मीही तोच धरला.

संचासाठी मी एक नियम ठेवला. ज्या काळात गोलंदाज गाजला, त्या काळच्या कार्डाचा साज त्याला द्यायचा. पहिलं कार्ड पालवणकर बाळूंचं, हे ठरलेलंच होतं. डावखुरे संथ फिरकी गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यात गोऱ्या साहेबांच्या खेळपट्टीची निगा राखायची आणि नेटमध्ये त्यांना तासन् तास चेंडू टाकायचे, ही त्यांची नोकरी. पुढे हिंदूंच्या संघात आले, बळी घेत गेले, तरी जातीमुळे त्यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून मिळायचा. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. अमेरिकेतली सोनेरी चौकटीची टी-२०५ ही मालिका निघाली तीही १९११ सालीच. तेव्हा बाळूंना सोनेरी चौकट. जो मान मंडपात मिळाला नाही, तो निदान कागदावर तरी पुरा द्यायचा, असं मला मनापासून वाटलं.

पण सोनं जमेना. लग्नपत्रिकेला लावतात ते सोनेरी फॉइल आरशासारखं चमकतं, त्यात बाळूंचा चेहराच मागे पडायचा. डिजिटल छपाईतला सोनेरी म्हणजे नुसता मळका पिवळा. प्रेसवाल्या काकांनी मग स्क्रीन प्रिंटिंगची सोनेरी शाई काढली. ती कागदावर जरा जाड बसते, बोटाला लागते, तिरपं धरलं तर मंद उजळते आणि सरळ धरलं तर गप्प राहते. जुन्या कार्डाचं सोनं असंच आहे. चित्र ऑफसेटवर आणि चौकट हाताने स्क्रीनवर, असं दुहेरी काम वाढलं, पण काकांनी कुरकुर केली नाही. ते नाटकांची पोस्टरंही छापतात. प्रूफ हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, पोस्टर लोकं दुरून पाहतेत. हे तं पोट्टे डोयाले लावून पाहतीन. नख नीट काढा." बाळूंच्या अंगठ्याचं नख मी त्या रात्री पुन्हा काढलं.

जुनं दिसावं म्हणून कागद चहात बुडवायचा, कोपरे झिजवायचे, खोट्या सुरकुत्या छापायच्या, असं हल्ली सर्रास चालतं. मला ते पटत नाही. जुनेपण रेषेत, अक्षरात आणि रंगांच्या काटकसरीत असावं. कार्ड हातात पडेल तेव्हा ते नवं कोरं असावं आणि त्या पोराच्या खिशात जुनं व्हावं. म्हणून मी फक्त एवढंच करतो की चित्राचे छपाईचे ठिपके आजच्यापेक्षा मोठे ठेवतो, इंचाला साधारण ८० ओळी. नेहमीचं गुळगुळीत काम १५० च्या पुढे चालतं. मोठ्या ठिपक्यांनी गालाची सावली भरभरीत होते. कागद ३०० जीएसएमचा, बिनचकाकीचा, किंचित पिवळसर. लॅमिनेशन अजिबात नाही. बारा बाय अठराच्या तावात कापायची जागा सोडून सोळा कार्डं बसतात. कोपरे चौकोनी ठेवतो, गोल केले की तो पत्त्यांचा कॅट दिसतो.

अक्षरांचा प्रश्न निराळा. अमेरिकन कार्डातली नावाची पट्टी रोमन अक्षरांसाठी आखलेली, अगदी अरुंद. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार. 'सुभाष गुप्ते' लिहायला तीच पट्टी घेतली तर उकार चौकटीबाहेर पडतात. तयार फॉन्ट मी वापरत नाही, नाव हाताने काढतो. शिरोरेघ हीच पट्टीची वरची कड करायची आणि अक्षरं तिला लटकवायची, ही युक्ती नाटकाच्या पोस्टरांवर हात बसलेला होता म्हणून सुचली.

गुप्ते १९५२ च्या टॉप्सच्या साजात आहेत. पाठीमागे कानपूर १९५८, वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात १०२ धावांत ९ बळी. एका कसोटी डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. बापू नाडकर्णी जन्माने नाशिकचे. त्यांच्या कार्डावर षटकं, निर्धाव, धावा, बळी अशी एकच ओळ मोठ्या आकड्यांत छापली आहे: ३२-२७-५-०. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध, सलग २१ निर्धाव षटकं. टेनिस बॉलच्या पोरांना हे कार्ड दिलं की ती पहिल्यांदा हसतात, छापण्यात चूक झाली समजून. मग एखादा बत्तीसातून सत्तावीस वजा करून बघतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पद्माकर शिवलकरांच्या कार्डाने. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज; बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले आणि भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. कसोटीचा रकानाच नसलेलं कार्ड कसं दिसेल, याचाच मला घोर होता. शेवटी मी पाठीवर फक्त एक सामना घेतला. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना, मद्रासला, तामिळनाडूविरुद्ध. पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्यात १८ धावांत ५. तामिळनाडू ८० आणि ६१. सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर संपला. असे आकडे असताना कसोटीचा रकाना कुणी शोधतही नाही.

चित्रासाठी त्यांचं छायाचित्र वापरायला अडचण होती. आपल्या कायद्याप्रमाणे छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९११ चे बाळू, १९५८ चे गुप्ते मोकळे, १९६४ चे नाडकर्णीही २०२५ पासून मोकळे. १९७३ चे शिवलकर नाहीत. दुसऱ्याच्या फोटोवरून गिरवण्यापेक्षा मी लाखनीकडच्या एका डावखुऱ्या फिरकी टाकणाऱ्या पोराला बोलावलं, खिडकीपाशी उभं केलं आणि हातात लाल चेंडू दिला. त्याच्या तर्जनीच्या वरच्या पेराला, आतल्या बाजूने घट्टा पडलेला होता. शिवण रोज घासून झालेला, गव्हाएवढा, पिवळट. मी इतके हात काढले, पण कुठल्या फोटोत हा घट्टा मला दिसला नव्हता. चेंडू पकडल्यावर ते पेर थोडं पांढरं पडतं आणि मागचं बोट आपोआप सैल होतं, हेही तिथेच कळलं. कार्डावर शिवलकरांचा हात आहे तो या निरीक्षणातून आलेला, घट्ट्यासकट. साज १९७२ च्या टॉप्सचा: वर कमान, तिच्यात फुगीर रंगीत अक्षरं. झाडीपट्टीच्या पोस्टरांशी त्या अक्षरांचं इतकं जुळतं की 'मुंबई' लिहिताना हात अडला नाही.

झहीर खान श्रीरामपूरचा, ९२ कसोटींत ३११ बळी. त्याच्या चित्रात हात दिसतच नाही. धावत येताना तो दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा, म्हणजे चकाकती बाजू फलंदाजाला कळू नये. झाकलेला हातच मी काढला. पाठीवर मात्र त्याची नकल बॉलची पकड दिली आहे, बोटांची पेरं वळवून धरलेली. ही पकड मुळात बेसबॉलच्या पिचरांची. २०११ च्या विश्वचषकात तिच्यावर वेस्ट इंडिजच्या डेव्हन स्मिथचा त्रिफळा उडाला होता. जिथून कार्ड आलं तिथूनच हा चेंडूही आला.

शेवटी आपल्या बाजूचे दोघे. उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीजवळ वाढला, टेनिस बॉलवरच खेळला आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. ५७ कसोटी, १७० बळी. तो जन्मला १९८७ मध्ये, आणि १९८७ च्या टॉप्स कार्डाची चौकट लाकडाच्या रेषांची होती. आमचा जिल्हा झाडीचा, तेव्हा ती चौकट मी सागाच्या फळीवरून काढली. दुसरा रजनीश गुरबानी. इंदूरला दिल्लीविरुद्ध रणजी अंतिम सामन्यात हॅटट्रिक, ५९ धावांत ६ बळी, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भाचा पहिला रणजी करंडक. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी एकदाच हॅटट्रिक झाली होती, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, तीही शिवलकरांनी गाजवलेल्या त्याच सामन्यात. म्हणून शिवलकर आणि गुरबानी यांची कार्डं संचात शेजारी लागतात.

मंडळातली जुनी मंडळी आता म्हणतात, आपल्या तालुक्यातल्या गोलंदाजांचीही कार्डं कर. माझी तयारी आहे. हात काढता येईल, नाव लिहिता येईल, पण पाठीवर काय छापू? पन्नास वर्षांपूर्वी इथल्या मैदानावर कुणी किती षटकं टाकली, किती निर्धाव, किती धावा, किती बळी, हे ज्या स्कोअरच्या वह्यांत होतं त्या बहुतेक रद्दीत गेल्या. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, मोहाडी, लाखांदूर, कुठेही तुमच्या घरात, शाळेच्या कपाटात, मंडळाच्या पेटीत अशी एखादी वही असेल, तर ती विकू नका. मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवा आणि गोलंदाजाच्या नावापुढचे चार आकडे नीट वाचता येतील, एवढं बघा. कार्डाला तेवढे चार आकडे पुरतात.