घरच्या सीएनसीची मोटर ‘पाऊल’ का चुकते?

सागवानी पाटीवर नाव कोरायला घेतले. पहिली अक्षरे सुबक उतरली. मग यंत्रातून क्षणभर ‘खर्रर्र’ असा आवाज आला आणि पुढची सगळी अक्षरे दीड मिलिमीटर सरकून कोरली गेली. यंत्र मात्र थांबले नाही. हौसेने घरी सीएनसी राउटर बनवणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. पहिला संशय जातो प्रोग्रॅमवर. दोष मात्र अनेकदा स्टेपर मोटरच्या सेटिंगमध्ये असतो.

यंत्राला चूक कळत का नाही?

स्टेपर मोटर पावले टाकत फिरते. घरगुती यंत्रांत सर्रास दिसणाऱ्या मोटरचे एक पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेरीत २०० पावले. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि पाऊल पडले, असे गृहीत धरतो. ते खरेच पडले का, हे तपासायची सोय साध्या यंत्रात नसते. म्हणून एकदा चुकलेले पाऊल शेवटपर्यंत चुकलेलेच राहते.

एका मिलिमीटरला किती पावले?

ड्रायव्हर एका पावलाचे १६ भाग करत असेल, तर एका फेरीला ३२०० सूक्ष्म पावले होतात. एका फेरीत ८ मिलिमीटर सरकवणारा लीडस्क्रू असेल, तर मिलिमीटरला ४००. भाग वाढवले की चाल मऊ होते, घरघर कमी होते; अचूकता त्याच प्रमाणात वाढते, हा मात्र गैरसमज आहे. सोळाव्या भागाएवढे सरकताना मोटरची जेमतेम एक दशांश ताकद हाताशी असते.

करंट किती ठेवावा?

कमी असेल तर मोटर अडखळते, जास्त असेल तर मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात. ‘ए४९८८’ या स्वस्त ड्रायव्हरवर छोटा स्क्रू फिरवून करंट ठरवतात. मल्टीमीटरवर दिसायला हवे ते व्होल्टेज = करंट × ८ × बोर्डावरील सेन्स रेझिस्टर. रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल, तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. सगळ्या बोर्डांवर हा रेझिस्टर सारखा नसतो, त्यामुळे इंटरनेटवरचा आकडा डोळे झाकून घेऊ नये. साधारण १ अँपिअरच्या वर हीटसिंक आणि हवा हवीच. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये. ड्रायव्हर जळू शकतो.

खरी मेख कुठे?

त्वरणात, म्हणजे वेग किती झपाट्याने वाढतो यात. जड गँट्री एका झटक्यात पळवायची म्हटले, की मोटर जागीच गुरगुरते. वेगाचीही मर्यादा आहेच: मोटर जितकी जोरात फिरते, तितकी तिची ताकद घटते. १२ ऐवजी २४ व्होल्टचा पुरवठा दिल्यास ही घट उशिरा सुरू होते. अर्थात ड्रायव्हरला ते व्होल्टेज चालत असेल तरच.

आर्डुइनोवर चालणाऱ्या ‘जीआरबीएल’मध्ये त्वरणाचा मूळ आकडा मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग या एककात अवघा १० आहे, फारच सुस्त. तो थोडा थोडा वाढवत मोटर अडखळेपर्यंत न्यावा, मग १० ते २० टक्के खाली आणावा. वेगाचेही तसेच. प्रत्येक अक्षाची चाचणी वेगळी करावी, कारण तिन्ही अक्षांवर भार सारखा नसतो. विशिष्ट वेगालाच यंत्र थरथरत असेल, तर ते अनुनादाचे लक्षण. तो वेग टाळावा, कपलिंगचे स्क्रू आणि फ्रेमचे नटबोल्ट तपासावेत.

शेवटची परीक्षा स्वस्त आहे. टेबलाला डायल गेज लावून शून्य करा, राउटर बंद ठेवून अक्ष पूर्ण लांबीभर वीसेक वेळा पळवा आणि परत शून्यावर आणा. काटा जागेवर आला नाही, तर त्वरण आणखी उतरवा. मग कोरायला आधी टाकाऊ एमडीएफचा तुकडा लावा, सागवान नंतर.