कमी चाललेली गाडी, जास्त झालेले वय

जुनी गाडी विकायला काढणारा माणूस पहिले वाक्य बहुधा एकच बोलतो : "गाडी फारशी चाललेलीच नाही." घेणाराही मीटरकडे पाहून खूश होतो. पंधरा-सतरा वर्षांची गाडी आणि पन्नास हजार किलोमीटरच! पण मीटर फक्त अंतर मोजते. गाडीने किती उन्हाळे सोसले, किती पावसाळे तिच्या अंगावरून गेले, याची नोंद त्यात नसते. रबर, तेल, लोखंड आणि वायरी यांचे आयुष्य किलोमीटरवर जेवढे अवलंबून असते तेवढेच वर्षांवरही असते. शहरात ही गोष्ट कळली नाही तर फार तर रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागते. हेमलकसासारख्या ठिकाणी मात्र तिची किंमत वेगळी आहे.

आमच्या घरी २००८ सालची एक डिझेलवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी मोठी गाडी आहे. अब्बांनी ती ठेकेदारीच्या कामासाठी नवी घेतली. पुढे काम थांबले आणि गाडी चंद्रपूरच्या घरी पत्र्याच्या शेडखाली उभी राहू लागली. आठवड्याचा बाजार, लग्नकार्य, कधीमधी नागपूर, एवढाच तिचा वापर. सतरा वर्षांत ती चालली ५२,००० किलोमीटर, म्हणजे महिन्याला सरासरी अडीचशे. धाकटी बहीण आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त भामरागड तालुक्यात राहतात. या वर्षी पावसाळ्यात तिचे दिवस भरणार होते. तेव्हा घरात ठरले की, मे महिन्यातच गाडी दुरुस्त करून हेमलकशाला नेऊन ठेवायची.

तिथला रस्ता आणि तिथला पाऊस

हेमलकसा म्हटले की लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तो सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे माडिया समाजासाठी दवाखाना व शाळा उभी केली. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरुवातीच्या काळात तिथे धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंधच राहत नसे. आज आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव या गावांवरून साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता जातो. परंतु जंगल तेच आहे आणि नद्याही त्याच. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे सरते आणि पुलावर चढते. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडचा संपर्क पुन्हा पुन्हा तुटला होता.

तिथल्या दवाखान्यात बाळंतपणे होतात. पण गुंतागुंत झाली तर बाईला अहेरी, गडचिरोली किंवा चंद्रपूरला हलवावे लागते. मध्ये जंगलाचा लांब पट्टा आहे, सगळीकडे मोबाइलची रेंज मिळत नाही आणि गॅरेज आलापल्लीच्या अलीकडे नाही म्हटले तरी चालेल. अशा रस्त्यावर गाडी बंद पडणे म्हणजे नुसता खोळंबा नसतो. म्हणूनच या दुरुस्तीत आम्ही प्रत्येक भागाला एकच प्रश्न लावला : हा भाग रात्रीच्या पावसात ताडगावच्या पुढे साथ देईल का?

मिस्त्रींनी विचारले साल

आमच्या वस्तीतले जुने मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "किलोमीटर नका सांगू चाचा, साल सांगा." आणि ते सरळ टायरपाशी बसले.

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर २३१४ होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती, पण बाजूच्या भिंतीला केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या. ऊन, हवा आणि उष्णता यांनी रबर वाळते, कडक होते. गाडी एकाच जागी उभी राहिली तर टायर एका बाजूने दबतो तो वेगळाच. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर तो वापरू नये, असे अनेक टायर कंपन्याच सांगतात. स्टेपनी तर गाडीबरोबर आलेली, २००८ ची. एकदाही जमिनीला न लागलेली आणि तरीही निकामी! पाचही टायर बदलले.

दुसरी पाळी ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळते. उतारावर सतत ब्रेक दाबले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. तोच ओलावा आतून पिस्टनला गंजही चढवतो. गाडी चालो वा न चालो, साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलायला हवे. आमच्या गाडीचे ब्रेक ऑइल चहासारखे काळपट निघाले. पुढच्या एका चाकाचा पिस्टन अडकला होता आणि मागच्या ड्रममध्ये ब्रेक शूचे लायनिंग सुटू लागले होते. रबरी ब्रेक पाइप वाकवून पाहिले तर त्यांनाही भेगा. हे सगळे बदलण्यात बिलाचा मोठा हिस्सा गेला.

गाडी थंड ठेवणारे आणि चालू करणारे भाग

चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्यात रेडिएटरचे रबरी पाइप तोंडाशी फुगतात, मऊ पडतात. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, ती काळाबरोबर संपतात. नंतर उरते ते रंगीत पाणी. नुसते विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरत राहिले तर आत क्षार साचून रेडिएटर चोंदतो. पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट आणि बाहेरचे पट्टे एकाच वेळी बदलून घ्यावेत. गाडीच्या इंजिनला टायमिंग चेन आहे की बेल्ट, हेही विचारावे. बेल्ट असेल तर त्याला किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा असते. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिनचे आतले भाग एकमेकांवर आदळू शकतात.

कमी अंतराच्या फेऱ्याही इंजिनला मानवत नाहीत. बाजारापुरती गाडी काढली की इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी उडून जात नाही, आणि ते तेलात मिसळते. म्हणून गाडी हजार किलोमीटर चालली असली तरी इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावेच.

डिझेलच्या टाकीचेही तसेच. अर्धी टाकी रिकामी असेल तर पावसाळी दमट हवेतले पाणी आत साचून तळाशी बसते. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळा चिकट गाळ तयार होतो. हाच गाळ पुढे फिल्टरमध्ये अडकतो आणि चढावर गाडी धापा टाकते. आमची टाकी उतरवली तेव्हा तळाशी असा गाळ होता. टाकी धुतली, फिल्टर बदलला. फिल्टरखालच्या नळीतून पाणी कसे काढायचे हे बहिणीच्या यजमानांनी शिकून घेतले. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, ती दोन कामे करते : पाणी धरू देत नाही आणि रस्ता तुटला तर इंधनाची काळजी राहत नाही.

बॅटरीचे आयुष्य तीन ते पाच वर्षे. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म थोडीथोडी वीज खातच असतात. आणि उंदीर! शेडमधल्या गाडीच्या वायरी त्यांना फार आवडतात. बॉनेटखाली वायरींचा एक जुडगा पार सोललेला होता. नुसती टेप न गुंडाळता तेवढा भाग नवा जोडून घेतला.

तळ, पाटे आणि चारही चाके

गाडी उचलून खाली पाहिल्याशिवाय जुन्या गाडीचा सौदा करू नये आणि दुरुस्तीचा अंदाजही घेऊ नये. चासीच्या कोपऱ्यांत सुकलेला चिखल ओलावा धरून ठेवतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत झाडांची पाने कुजतात, पाण्याची भोके बुजतात आणि पत्रा आतून सडतो. मिस्त्री लहान हातोडीने टकटक करत गेले. भक्कम लोखंडाचा आवाज खणखणीत, गंजलेल्याचा बद्द. आमची चासी भक्कम होती, पण दाराखालचा पत्रा दोन जागी कापून नवा लावावा लागला. गंजावर नुसता काळा लेप मारून घेणे म्हणजे जखमेवर मेण लावणे आहे. गंज आधी घासून काढावा लागतो, नाहीतर लेपाखाली ओल कोंडून तो अधिक वेगाने पसरतो.

मागच्या पाट्यांचे आणि पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश वाळून फुटले होते. शहरात त्यांचा फक्त आवाज येतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्टीअरिंग हाताला ऐकत नाही. बुश, बॉल जॉइंट आणि त्यांच्यावरची रबरी टोपी एकत्र तपासावी.

चारही चाकांना ताकद देणारा दांडा कित्येक वर्षे कुणी ओढलाच नव्हता. न वापरलेले जोड ग्रीस सुकून घट्ट होतात. तो सोडवून, गिअर ऑइल बदलून घेतले. असा दांडा महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडा वेळ लावावा, कोरड्या डांबरावर नाही. ओढ्यातून गाडी गेली असेल तर अ‍ॅक्सलमधले तेल उघडून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे.

पैसे आधी कुठे

घरात थोडा वाद झालाच. भाऊ म्हणत होता रंग काढू, सीट कव्हर घालू. अम्मीने निकाल दिला : "जिच्यासाठी गाडी चाललीय तिला रंग नको, ब्रेक हवेत." पैसे बेताचे असतील तर हाच क्रम ठेवावा. पहिले, गाडी थांबवणारे आणि वळवणारे भाग : ब्रेक, टायर, स्टीअरिंग. दुसरे, इंजिन थंड ठेवणारे. तिसरे, गाडी चालू करणारे : बॅटरी, वायरिंग, डिझेल. चौथे, दिवे आणि वायपर. रंग आणि गाणी शेवटी.

कागदांचेही वय असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये झाली. दिल्ली परिसरातल्या वयोमर्यादेच्या बातम्या वाचून आपल्याकडेही गाडी भंगारात जाणार, असे अनेकांना वाटते. आपल्या राज्यात खासगी गाडीसाठी प्रश्न वयाचा नसून ती तपासणीत पास होण्याचा आहे. पंधरा वर्षांची सक्तीची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागू झाली.

दुरुस्त गाडीलाही मर्यादा असते

गाडी जूनच्या आधी हेमलकशाला पोहोचली. जुलैअखेर सतत पाऊस लागला तेव्हा डॉक्टरांशी बोलून बहिणीला तारखेच्या बऱ्याच आधी चंद्रपूरला आणायचे ठरले. वाटेत एका नाल्यावर पाणी होते. गाडी उंच होती, टायर नवे होते, इंजिन उत्तम होते, तरीही यजमानांनी ती पुलाअलीकडे थांबवली. चार तासांनी पाणी उतरल्यावर, पुलाचे कठडे आणि खालची फरशी स्पष्ट दिसू लागल्यावरच ते निघाले. वाहत्या पाण्याला मोठी गाडीही ढकलता येते आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे स्टीअरिंगवरून कळत नाही. माय-लेकरू सुखरूप आहेत. गाडी अजून तिकडेच आहे आणि शेजारच्या दोन घरांच्या आजारपणातही कामी आली आहे.

कुणी अशी कमी चाललेली गाडी घेत असेल तर मीटर शेवटी पाहावे. टायरचे आकडे, ब्रेक ऑइलचा रंग, चासीचा आवाज आणि सर्व्हिसच्या जुन्या पावत्या आधी पाहाव्यात. मीटर मागे फिरवलेले असू शकते; सीट, पेडलचे रबर आणि स्टीअरिंगची झीज सहसा खोटे बोलत नाही. आणि कुणी विकत असेल तर गाडीचा ऐब स्वतःहून सांगून टाकावा. ती गाडी उद्या कुणाच्या आजारी आईला घेऊन निघणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी आठवड्यातून एकदा ती निदान वीस-पंचवीस किलोमीटर फिरवावी, म्हणजे इंजिन पुरते तापेल. त्या फेरीत थोडा वेळ एसीही लावावा, त्याचे रबरी सील ओले राहतात. दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, म्हणजे शू ड्रमला चिकटत नाहीत. आणि वहीच्या एका पानावर प्रत्येक बदललेल्या भागाची तारीख लिहावी. किलोमीटर मीटर लिहितेच. वर्षे मात्र घरच्यांनीच लिहायची असतात.